एप्रिलातला पोल्ह

ग्राबोव्हेत्सच्या उर्बान मालोव्हर्हला दोन नोकऱ्या होत्या आणि दोन्ही बिनपगारी. एप्रिलात तो टेकडीवरच्या राजफुलाची राखण करायचा आणि ऑक्टोबरात पोल्ह धरायचा. मधल्या महिन्यांत तो लाकडाच्या गिरणीत जायचा, गाय दोहायचा, बायकोची बोलणी खायचा. पण ते आमच्याकडे सगळेच करतात, त्याचं कौतुक कुणी सांगत बसत नाही.

राजफूल म्हणजे वीतभर उंचीचं झुडूप. बारा महिने हिरवं, दगडाला बिलगून पसरणारं. बर्फ वितळलं की त्याच्या प्रत्येक टोकाला दुधी फुलांचा गुच्छ येतो आणि सगळ्या उतारावर मधासारखा वास पसरतो. कुण्या काळी एक राजा म्हणे ते बघायला टेकडी चढून आला होता, म्हणून हे नाव. आता ते तोडायला कायद्याने बंदी आहे. पोल्हाला मात्र कुठलाही राजा बघायला आला नाही. खारीपेक्षा लहान, उंदरापेक्षा मोठा, करड्या अंगाचा आणि झुपकेदार शेपटीचा हा प्राणी रात्री बीचच्या झाडांवर बिया खात हिंडतो आणि शरदात लोण्याच्या गोळ्याएवढा गुबगुबीत होतो. मग आम्ही तो बटाट्यांबरोबर शिजवतो. त्याची चरबी पोटदुखीवर चोळायला बाटलीत भरून ठेवतो.

या दोघांची तुलना हा उर्बानचा हातखंडा विषय. एप्रिलातल्या रविवारी शहरातून माणसं यायची. हा छातीवर राखणदाराचा पितळी बिल्ला लावून खडकापाशी उभा राहायचा आणि सुरू करायचा, "हे खाली, तो वर. हे जागचं हलत नाही, तो जागेवर ठरत नाही. याला हात लावायचा नाही, त्याला हातचा सोडायचा नाही. गावाचं नाव या दोघांनीच राखलंय, पण गंमत बघा, दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. हे फुलतं तेव्हा तो हातभर खोल जमिनीत झोपलेला असतो. मे महिन्यात तो डोळे चोळत वर येतो, तोवर याची फुलं झडलेली. शेजार आहे, पण ओळख नाही. माझं आणि माझ्या मेव्हण्याचं तसंच." लोक हसायचे. एकतीस वर्षं हाच विनोद, पण तो सांगताना उर्बान दर वेळी नव्याने खूश व्हायचा. शाळेच्या नेझाबाई तर मुलांकडून यावर निबंध लिहून घ्यायच्या. गावात दुसरं काही पाठ नसलं तरी एवढं सगळ्यांना पाठ होतं.

पोल्हाच्या बाबतीत मात्र उर्बानपेक्षा ओझ्बोल्ट वरचढ. हा त्याचा सापळ्यातला भागीदार, चाळीस वर्षांपासूनचा. शाळा चौथीपर्यंत, बायको लवकर गेलेली, जमीन नावाला. पण झाडाखालची चार टरफलं हातात घेऊन तो सांगायचा, यंदा पोल्ह कुठल्या उतारावर आहेत, किती आहेत आणि कधी झोपायला जातील. त्याचा शब्द चार खोऱ्यांत चालायचा. दर सप्टेंबरात विद्यापीठातली शिकलेली माणसं गाडीतून येऊन त्याच्या स्वयंपाकघरात बसायची आणि तो बोलेल ते वहीत उतरवून घ्यायची. त्या दिवशी ओझ्बोल्ट दाढी करायचा. पोल्हाची जाण ही एकच गोष्ट त्या माणसाकडे होती, पण ती पक्की होती.

त्या हिवाळ्यात उर्बानच्या मुलीचं, पोलोनाचं लग्न झालं, तेही राजधानीतल्या, लुब्लियानातल्या दाताच्या डॉक्टरच्या मुलाशी. मार्चमध्ये व्याह्यांनी जेवायला बोलावलं. उर्बानने लग्नातलेच बूट घातले होते, ते आतून चावत होते. विहीणबाई फार गोड बोलायच्या. सूप झालं, मटण झालं, आणि अक्रोडाची पोतित्सा, म्हणजे सारण भरून गुंडाळलेला गोड पाव, कापता कापता त्यांनी हसून विचारलं, "पोलोना सांगत होती, तुम्ही ते उंदीर खरंच खाता?"

पोलोनाने मान खाली घातली. उर्बानने ते पाहिलं. उंदीर नव्हे, पोल्ह, असं एवढंच तो म्हणाला असता तर पुढचं काही घडलं नसतं. उर्बानच्या बापाने पोल्ह धरले, आजाने धरले, युद्धाच्या वर्षांत पोल्हांवर घरं तगली. पण त्या टेबलापाशी, त्या चावऱ्या बुटांत, त्याला आयुष्यात पहिल्यांदा पोल्हाची लाज वाटली. "पूर्वी खायचे म्हणे," तो म्हणाला. वर मोठेपणा म्हणून राजफुलाची गोष्ट काढली: राजा, टेकडी, वास, जगात फार कमी ठिकाणी. विहीणबाईंच्या खिडकीबाहेर हॉलंडहून आणलेली झाडं ओळीत उभी होती. त्या म्हणाल्या, "मग आणा की आमच्यासाठी एखादं." आणि राजफुलाचा राखणदार म्हणाला, "आणतो. त्यात काय?"

परतीच्या बसमध्ये पाव्लाने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

एप्रिलातल्या तिसऱ्या रविवारी गावची मंडळी आणि पाहुणे टेकडीवर जमतात. त्याच्या आधीच्या गुरुवारी, उजाडता उजाडता, उर्बान कुदळ घेऊन वर गेला. लहानसं रोप घ्यायचं असं ठरवून गेला होता, पण लहान रोप विहीणबाईंच्या डोळ्यांत काय भरणार? खडकाखालचा सगळ्यात जुना ताटवा त्याने उकरला, जो त्याला बापाने दाखवला होता आणि बापाला आजाने. मुळं दगडाच्या फटींतून गेलेली. ती निघेनात, तेव्हा त्याने ओढली. तुटतानाचा आवाज त्याला ऐकू आला. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, ते असं. पोल्ह भरायच्या गोणपाटात त्याने ताटवा गुंडाळला आणि पहिली बस धरली.

विहीणबाईंनी हातमोजे घालून तो घेतला. "अय्या, एवढंसंच? वाढेल ना पुढे?" त्यांनी विचारलं. मग तो गॅरेजशेजारी लावला, कारण बाकीच्या जागा भरलेल्या होत्या. उर्बानने हो म्हटलं. वाढणार नाही हे त्याला ठाऊक होतं. हे झुडूप हलवलं की मरतं, हे एकतीस वर्षं तो स्वतःच लोकांना बजावत आला होता.

रविवारी चाळीसेक माणसं वर चढली. उर्बान बिल्ला लावून पुढे. खड्डा पहिल्यांदा नेझाबाईंना दिसला. त्या थबकल्या, वाकल्या, तुटकी मुळं बोटांनी चाचपली आणि उर्बानकडे वळल्या, कारण दुसऱ्या कुणाकडे वळणार?

"उर्बान, हे काय झालं?"

त्याने उत्तर तयार ठेवलं होतं: शहरातलं कुणीतरी येऊन घेऊन गेलं. तीन दिवस तो हेच घोकत होता. पण शहरातली माणसं समोरच उभी होती. त्यांतले एक काठी टेकत येणारे आजोबा तर वीस वर्षं न चुकता यायचे, आणि खड्डा पाहून त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. त्यांच्या तोंडावर ते म्हणणं उर्बानला जमेना. तयार खोटं बाजूला राहिलं आणि दुसरं, न ठरवलेलं, बाहेर आलं.

"पोल्ह. पोल्हांनी उकरलं."

आमच्या गावात हे असंच आहे. माळ्यावरची सफरचंदं कुरतडली, पोल्ह. विजेची तार तुटली, पोल्ह. सॉसेज हरवलं तरी आधी पोल्हाचं नाव, मग पोरांचं. जीभ आपोआप तिकडे वळते.

नेझाबाईंनी हाताची माती झटकली. मग मागून ओझ्बोल्ट पुढे आला. त्याने खड्ड्यात एकदा बघितलं, तोंडातला पाइप काढला आणि म्हणाला, "झालेत खरे यंदा फार. उकरलं असेल." आणि मंडळींना पुढच्या ताटव्याकडे घेऊन गेला. उर्बान सुटला. निदान त्याला तसं वाटलं. परतताना तो शीळसुद्धा घालत होता.

दुपारी पाव्ला त्याला सूप वाढत होती. तिला टेकडीवरचं शेजारणीकडून कळलं होतं आणि गोणपाटावरची माती तिने आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. ती एवढंच म्हणाली, "पोल्ह? एप्रिलात?"

उर्बानने चमचा खाली ठेवला. गावातली माणसं, शाळेच्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, त्या खड्ड्याभोवती उभी होती, आणि त्या सगळ्यांना त्यानेच शिकवलं होतं की राजफूल फुलतं तेव्हा पोल्ह झोपलेला असतो. चोराने चोरी करावी आणि जाताना आपल्या नावाची पाटी ठेवून जावं, तसं झालं होतं. त्या दिवशी तो पुन्हा घराबाहेर पडला नाही.

सोमवारी तो गिरणीत गेला तो टोमणे खायच्या तयारीनेच. आमच्या गावात थट्टा हीच विचारपूस. खानावळवाल्या रेझ्काच्या नवऱ्याने अकरा वर्षांपूर्वी ट्रॅक्टर तळ्यात घातला होता. अजून त्याला रोज कुणीतरी विचारतं, ट्रॅक्टर पोहायला शिकला का. एक आठवडा सोसू, महिना सोसू, असं उर्बानने मनाशी धरलं होतं. पण कुणी ब्रसुद्धा काढला नाही. माणसं त्याच्याशी हवापाण्याचं बोलली. गुडघा कसा आहे, विचारलं. दुसऱ्या दिवशीही तेच. खानावळीत तो शिरला की रेझ्काचा नवरासुद्धा अदबीने खुर्ची सरकवायचा, जणू उर्बानच्या घरात कुणी वारलं होतं. असं आम्ही फक्त परक्यांशी वागतो.

मे महिन्यात पोलोनाचा फोन आला. "बाबा, ते वाळलं हो. आई म्हणाल्या, काही हरकत नाही, तिथं तसंही सायकली ठेवायच्या होत्या." आई म्हणजे सासूबाई. उर्बानने बरं म्हटलं.

तो बिल्ला घेऊन नेझाबाईंकडे गेला. त्या वह्या तपासत होत्या. वय झालं आता, दुसऱ्या कुणाला तरी द्या, असं तो म्हणाला. त्यांनी वर न बघता सांगितलं, "ठेव तुझ्याकडेच. दुसरं कोण उभं राहणार?" त्यांनी चार शब्द सुनावले असते तर त्याने ते घरी नेऊन जपून ठेवले असते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. त्याच्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं आणि लपायला झाड नव्हतं.

जूनमध्ये वनखात्याची एक सरकारी गाडी आली. तिच्यातून एक तरुण बाई उतरली, हातात कागद. उर्बानने लांबून पाहिलं आणि बासष्ट वर्षांचा हा माणूस घेवड्याच्या वेलांत उकिडवा बसला. गाडी टेकडीच्या पायथ्याशी थांबली, मग ओझ्बोल्टच्या दारात तासभर उभी होती, मग निघून गेली. उर्बान वेलांतून उठला तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या. ओझ्बोल्टकडे ती कशाला गेली हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर स्वतःचंही काढावं लागलं असतं, म्हणून उन्हाळाभर तो त्या वाटेने गेलाच नाही. सप्टेंबरात विद्यापीठाची गाडी आली नाही, हे त्याच्या कानावर आलं. असतील कामात, असं त्याला वाटलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी पोल्हाचा हंगाम उघडतो. त्या दुपारी, सापळे लावायला निघायच्या आधी, सगळे शिकारी रेझ्काच्या खानावळीत लांब टेबलाला बसतात आणि दाराकडून सुरुवात करून प्रत्येक जण पोल्हाविषयी एक थाप मारतो. नियम एकच: थापेत खऱ्याचा थेंब नसावा. ज्याची थाप सगळ्यांत मोठी, त्याने पहिला उतार निवडायचा. सात वर्षं तो मान उर्बानचा होता. गेल्या साली त्याने चष्मा लावून वर्तमानपत्र वाचणारा पोल्ह सांगितला होता.

त्या दिवशी पाव्लाने त्याला जवळजवळ ढकलूनच पाठवलं. तो ओझ्बोल्टच्या शेजारी बसला. ओझ्बोल्टने सरकून जागा दिली. थापा सुरू झाल्या. एकाचा पोल्ह डुकराएवढा निघाला, एकाचा चर्चमध्ये पाप कबूल करायला गेला. हसणं, पेले आपटणं चाललं होतं. पाळी उर्बानच्या डावीकडच्या माणसाची झाली. आता आपली, म्हणून उर्बानने घसा साफ केला. तेवढ्यात उजवीकडून ओझ्बोल्टने आपली थाप सुरू केली.

कुणाला खटकलं नाही. सगळ्यांनी ते आधीच ठरवलेलं असावं. त्याच्याकडून खोटं ऐकायची वेळ येऊ नये म्हणून त्यांनी त्याला वगळलं होतं, आणि तेही मायेने. ओझ्बोल्टची थाप संपेपर्यंत उर्बान टेबलाच्या लाकडातल्या रेषा मोजत राहिला. मग तो उभा राहिला.

"माझी पाळी राहिली," तो म्हणाला.

"बस रे," रेझ्काचा नवरा हळूच म्हणाला.

"एप्रिलात राजफूल पोल्हाने उकरलं. मी सांगितलं होतं तसं. ही झाली थाप. पोल्ह झोपला होता. उकरलं मी. माझ्या कुदळीनं. विहिणीच्या बागेसाठी. ते तिथं गॅरेजपाशी वाळून गेलं, आता तिथं सायकली आहेत." तो थांबला. आता कुणीतरी हसावं, शिवी द्यावी, त्या ट्रॅक्टरवाल्याने तरी सूड उगवावा, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"माहितेय आम्हाला," टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं. "तेव्हाच कळलं होतं. बस आता."

"मग बोललं का नाही कुणी?"

रेझ्काने त्याचा पेला भरला. ओझ्बोल्ट उठला, सापळ्यांची दोरी खांद्यावर टाकली आणि बाहेर पडला. उर्बान त्याच्या मागे गेला. अंगणात ओझ्बोल्ट लाकडी सापळ्यांची झाकणं एकेक उघडून पाहत होता.

"तुझ्याशी तरी मी बोलायला हवं होतं," उर्बान म्हणाला.

"हं."

"त्या दिवशी तू मला सांभाळून घेतलंस."

"त्या दिवशीचं काही नाही रे. गावातलं गावात." ओझ्बोल्टने एका झाकणाची तार पिळली. "जूनमध्ये ती बाई आली होती. म्हणाली, गाववाले म्हणतात पोल्हांनी उकरलं, आणि पोल्हातलं तुम्हालाच कळतं. एप्रिलात पोल्ह जमीन उकरतो का? मी म्हटलं, उकरतो."

ओझ्बोल्टने दुसरा सापळा उचलला.

"तिनं लिहून घेतलं. मग हसली. वाईट नव्हती पोरगी. म्हणाली, आजोबा, एप्रिलात पोल्ह झोपलेला असतो, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. मी म्हटलं, असेल बाई. मला म्हाताऱ्याला काय कळतं. तिनं खाली माझी सही घेतली."

"ओझ्बोल्ट."

"तो कागद विद्यापीठातही गेला. यंदा ते आले नाहीत. मी दाढी करून बसलो होतो." त्याने झाकण बंद केलं. "दोन दिवस."

उर्बान म्हणाला की तो उद्याच पत्र लिहील, शिक्का मारलेल्या कागदावर सगळं खरं लिहील, दंड होईल तो भरेल, विद्यापीठात स्वतः जाऊन सांगेल. तो बराच वेळ बोलत राहिला. ओझ्बोल्टने ऐकून घेतलं.

"लिही," तो म्हणाला. "तेवढं तर लिहीच."

मग दोघे जंगलात गेले, कारण सापळे उजेड असेपर्यंत टांगायचे असतात आणि चाळीस वर्षं ते दोघेच एकत्र टांगत आले होते. बीचची पानं पिवळी पडली होती. खाली टरफलांचा सडा होता. पहिल्या उतारावर ओझ्बोल्ट थांबला. दर वर्षी तो इथे वाकायचा, टरफलं हातात घ्यायचा आणि बोटाने एकेक झाड दाखवायचा: हे, ते, आणि ते तिरकं. उर्बान लांब काठीला सापळा लावून वाट पाहत उभा राहिला. ओझ्बोल्ट वाकला नाही. त्याने पाइप भरायला घेतला.

"कुठल्या झाडाला लावू?" उर्बानने विचारलं.

"तूच बघ बाबा," ओझ्बोल्ट म्हणाला. "मला काय कळतं त्यातलं."

सहा महिने उर्बान टोमण्यासाठी आसुसला होता. हा पहिला मिळाला. त्याने समोरच्या झाडाला, कसलाच अंदाज न घेता, सापळा टांगला. काठी खाली घेतली. ओझ्बोल्टकडे न बघता तो पुढच्या झाडाकडे गेला.